अनुभव धागा: मोबाइलच्या हॉटस्पॉटवर रोजचं काम

मोबाइलचं नेट लॅपटॉपला किंवा टॅबला देऊन काम करणाऱ्यांसाठी हा धागा. 'स्पीड येत नाही' एवढ्यावर थांबू नका. कुठली सेटिंग बदलली, त्याने काय फरक पडला आणि का, ते लिहा. पहिला प्रतिसाद माझाच.

हॉटस्पॉटमध्ये दोन वेगळे टप्पे असतात: टॉवर ते फोन आणि फोन ते लॅपटॉप. दुखणं कुठल्या टप्प्यात आहे ते आधी शोधा. हॉटस्पॉट बंद करून फोनवर स्पीड टेस्ट घ्या, मग चालू करून लॅपटॉपवर. फोनवर ४० एमबीपीएस (सेकंदाला ४० मेगाबिट) आणि लॅपटॉपवर ५, तर दोष वायफायचा. दोन्हीकडे ५, तर दोष टॉवरकडचा. मग लॅपटॉपच्या सेटिंग्ज उकरून हाती काही लागत नाही.

रेंजच्या दांड्यांवर विसंबू नका. बऱ्याच अँड्रॉइडमध्ये 'फोनविषयी' या पानावर सिम स्टेटसमध्ये डीबीएमचा, म्हणजे सिग्नलच्या ताकदीचा आकडा दिसतो. फोर-जीवर उणे ९० किंवा त्याहून शून्याच्या जवळ असेल तर उत्तम. उणे ११०च्या खाली गेला की कॉल अडखळणारच. फोन खिडकीत ठेवा आणि लॅपटॉप खुशाल चार-पाच मीटर आत असू द्या, तेवढं अंतर वायफाय सहज पेलतं. उलट केलंत, म्हणजे फोन मांडीशी आणि खिडकी लांब, तर नुकसान टॉवरच्या टप्प्यात होतं आणि ते कशानेच भरून निघत नाही.

⁂

आता वायफायच्या बँडबद्दल, म्हणजे तो कुठल्या लहरींवर चालतो त्याबद्दल. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण भिंतीपलीकडे लवकर दमतो. २.४ गिगाहर्ट्झ लांब जातो, मात्र आजूबाजूला राउटर जास्त असतील तर त्याच गर्दीत अडकतो. एकाच खोलीत बसायचं असेल तर ५च ठेवा. जुन्या प्रिंटरला, स्मार्ट बल्बला किंवा स्वस्त कॅमेऱ्याला हॉटस्पॉट दिसतच नसेल, तर तो बहुधा फक्त २.४ ओळखतो. आयफोनवर त्यासाठी 'मॅक्सिमाइज कम्पॅटिबिलिटी' चालू करायचं. अँड्रॉइडवर हॉटस्पॉटच्याच पानावर बँड निवडता येतो.

नाव दिसतंय, पासवर्ड बरोबर आहे, तरी जोडणी होत नाही? सुरक्षेचा प्रकार बघा. फक्त डब्ल्यूपीए३ (वायफायच्या सुरक्षेची नवी पद्धत; डब्ल्यूपीए२ ही त्याआधीची) ठेवलं तर जुनी उपकरणं बाहेरच राहतात. डब्ल्यूपीए२ आणि ३ एकत्र असलेला पर्याय निवडा. पासवर्ड काढून टाकणं हा त्यावरचा उपाय नव्हे.

⁂

एकच लॅपटॉप असेल तर वायफाय कशाला? केबल लावा आणि यूएसबी टेदरिंग, म्हणजे केबलमधून नेट देणं, चालू करा. वायफायची गर्दी आडवी येत नाही, शिवाय फोन चार्ज होत राहतो. पर्याय राखाडी दिसत असेल तर केबल बहुधा फक्त चार्जिंगची आहे, आत डेटाच्या तारा नाहीत. केबल बदला. मॅकवर मात्र बरेच अँड्रॉइड फोन असे चालत नाहीत, तिथे वायफायच.

⁂

डेटा कुठे जातो याचा हिशोब सोपा आहे: १ एमबीपीएस सलग तासभर म्हणजे ४५० एमबी. व्हिडिओ ३ एमबीपीएसने चालला तर तासाला १.३५ जीबी. पण खरा फडशा पाडतात ते पडद्यामागचे अपडेट आणि फोटोंचे बॅकअप, कारण लॅपटॉपला हे घरचं वायफायच वाटतं. विंडोजमध्ये त्या नेटवर्कच्या गुणधर्मांत जाऊन 'मीटर्ड कनेक्शन' (डेटा मोजका आहे असं लॅपटॉपला सांगणारी सेटिंग) चालू करा, मॅकवर 'लो डेटा मोड'.

ही सेटिंग नेटवर्कच्या नावाला चिकटलेली असते. हॉटस्पॉटचं नाव बदललंत की विंडोज त्याला नवीन नेटवर्क समजतं आणि अपडेट पुन्हा मोकाट सुटतात. घरच्या राउटरचंच नाव-पासवर्ड हॉटस्पॉटला देण्याची युक्ती अनेक जण सुचवतात. बल्ब आणि प्रिंटर आपोआप जोडले जातात हे खरं, पण राउटर बंद पडला की लॅपटॉपही गुपचूप फोनवर येतो आणि दिवसाचा कोटा संपेपर्यंत पत्ता लागत नाही. नावं वेगळीच ठेवा.

⁂

फोन तापला की तो स्वतःच वेग आणि चार्जिंग कमी करतो. कव्हर काढा, ऊन टाळा, गादीवर किंवा उशीखाली ठेवू नका. फास्ट चार्जरऐवजी साधा लावा आणि वायरलेस चार्जिंग अजिबात नको. फाइव्ह-जीची रेंज अर्धवट असेल तर फोन सारखा फोर-जी आणि फाइव्ह-जीमध्ये उड्या मारतो. बॅटरीही जाते आणि मीटिंगही तुटते. अशा जागी फोर-जीवर बांधून टाकलेलं बरं.

⁂

थोडक्यात काही गोष्टी. अँड्रॉइडवर डेटा सेव्हर चालू असेल तर हॉटस्पॉट सुरूच होत नाही. फोनवरचा व्हीपीएन (नेटवरची वाहतूक झाकून नेणारी सेवा) सहसा जोडलेल्या लॅपटॉपला लागू होत नाही, तिथे वेगळा लावावा लागतो. फोन आला की नेट थांबत असेल तर व्होएलटीई, म्हणजे फोर-जीवरूनच कॉल करण्याची सोय, चालू आहे का बघा. दोन सिमच्या फोनमध्ये दुसऱ्या सिमवर कॉल आला तरी हाच प्रकार होतो, म्हणून महत्त्वाच्या मीटिंगपुरतं ते सिम सेटिंग्जमधून बंद ठेवा. आणि कोणी जोडलेलं नसताना हॉटस्पॉट आपोआप बंद होण्याची सेटिंग असते. लॅपटॉप झोपला की त्यामुळे हॉटस्पॉट बंद पडतो, परत जोडायला फोन हातात घ्यावा लागतो. आयफोनवर तर पर्सनल हॉटस्पॉटचं पान उघडं ठेवलं की नाव लगेच दिसतं.