मदत हवी आहे: बनावेची भातखाचरं कोण सांभाळतं?

नमस्कार मंडळी. फिलिपिन्सच्या लुझोन बेटावर, इफुगाव प्रांतात बनावे नावाची नगरपालिका आहे. म्हणायला नगरपालिका, पण बहुतेक डोंगरातली खेडीच. त्यातल्या बाताद आणि बांगान इथली भातखाचरं १९९५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. खाचरांच्या वरच्या अंगाला घराण्यांनी राखलेलं रान असतं, ‘मुयोंग’. पाणी तिथूनच खाली झिरपतं. ही व्यवस्था मला फार मोलाची वाटते.

पण ‘तिनावोन’ हा पारंपरिक भात वर्षातून एकदाच येतो. त्यावर घर भागत नाही, म्हणून लाकडी कोरीवकाम, पर्यटन, नाहीतर शहराची वाट.

तरुण गेल्यावर ढासळलेले बांध कोण उभारतं? रोजंदारीवर, की आपल्यासारखी सावड करून? तिथे राहिलेलं किंवा अभ्यास केलेलं कोणी असेल तर कृपया सांगा.