काश्मीरची सरोवरे की फुलांची दरी? पाठीवर सॅक घेऊन निघणाऱ्या चौघांचा प्रश्न

रामबागेतला वाटसरू (प्रश्न)

नमस्कार. आम्ही इंदूरचे चार मित्र, वये ४२ ते ५१. गेली काही वर्षे पावसाळ्यात पातालपानी ते कालाकुंड आणि जानापावचा डोंगर पायी करतो, परंतु हजार मीटरच्या वर आजवर कोणीच चाललेले नाही. यंदा जुलैच्या शेवटच्या आठवड्यात ११ दिवसांची रजा मिळाली आहे. सोनमर्गहून निघून विशनसर, किशनसर, गडसर, सतसर आणि गंगाबल ही सरोवरे पाहत नारानागला उतरावे, तंबू, शिधा आणि स्वयंपाकाचे सामान स्वतःच वाहावे, असा बेत आहे. महूहून मालवा एक्सप्रेसने कटरा आणि तेथून रेल्वेने श्रीनगर गाठण्यात जाताना दोन व येताना दोन दिवस जातील, चालायला सात उरतील. एका मित्राच्या मते त्याऐवजी उत्तराखंडातील फुलांच्या दरीत जावे. जाणकारांचे मत हवे आहे.

महूकर

आपला हिशेब कागदावर बरोबर बसतो, आणि मला काळजी नेमकी त्याचीच वाटते. सात दिवसांची वाट सात दिवसांतच करायची म्हटल्यावर पावसासाठी, पाय मुरगळण्यासाठी किंवा कोणाचे डोके दुखू लागले तर थांबण्यासाठी एकही दिवस उरत नाही. विरळ हवेचा त्रास होऊ नये म्हणून तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा रोज ५०० मीटरहून अधिक उंच नेऊ नये, असा संकेत आहे. सोनमर्ग सुमारे २,७०० मीटरवर आहे, तर पुढच्या मुक्कामाचा निचनईचा तळ ३,५०० च्या आसपास. म्हणजे दुसऱ्याच रात्री आपण हा संकेत मोडणार. त्याहून गंभीर बाब अशी की निचनईची खिंड ओलांडून विशनसरला पोचल्यावर त्रास सुरू झाला, तर मागे फिरायलाही चार हजार मीटरच्या आसपासची तीच खिंड पुन्हा चढावी लागते, आणि पुढची गडसरची खिंड त्याहूनही उंच आहे. त्यात प्रत्येकाच्या पाठीवर पंधरा किलो असतील, तर जानापावचा सराव फारसा उपयोगी पडणार नाही.

बाकी वाट अतिशय सुंदर आहे, यात शंका नाही. विशनसरच्या काठावर उभे राहून किशनगंगा येथूनच निघते हे आठवले, तेव्हा मी बराच वेळ नुसता पाण्याकडे पाहत राहिलो होतो. परंतु पहिल्याच हिमालय-यात्रेत ती ओझ्यासह करू नये. किमान ओझ्यासाठी घोडा घ्यावा.

टिळकनगरची वनस्पतीप्रेमी

फुलांविषयी थोडे लिहिते, कारण दोन्ही ठिकाणांची तुलना अनेकदा चुकीच्या अपेक्षेने होते. पुष्पावती नदीकाठची ती दरी खरोखरच फुलांसाठी राखलेली आहे. १९८२ साली ती राष्ट्रीय उद्यान झाली आणि २००५ साली जागतिक वारसा यादीत आली. मात्र आत तंबू ठोकता येत नाही. घांघरियाला मुक्काम करून सकाळी आत जायचे आणि दुपारनंतर परतायचे, अशी पद्धत आहे, त्यामुळे आपल्या मनातली भटकंती तेथे होणार नाही. शिवाय तेथे मोसमी पावसाचा जोर असतो आणि बद्रीनाथच्या रस्त्यावर दरडी कोसळतात. काश्मीरचे खोरे पीरपंजाल पर्वतरांगेच्या आडोशाला असल्याने जुलै-ऑगस्टमध्ये त्या मानाने कोरडे असते.

आपल्याकडे कुंडीत लावलेल्या, रात्री फुलणाऱ्या निवडुंगालाच ब्रह्मकमळ म्हणतात, त्यामुळे अनेकजण तेच शोधत जातात. हिमालयातील ब्रह्मकमळ वेगळे असते. त्याच्या पिवळसर, कागदासारख्या पातळ आवरणाच्या आत जांभळट फुलांचा झुबका दडलेला असतो, आणि ते दरीपेक्षा हेमकुंडच्या चढावर अधिक दिसते. निळी अफू मात्र काश्मिरातही आढळते. ती गवताळ कुरणात न शोधता खडकांच्या फटींत शोधावी. तिला काटे असतात, म्हणून हात लावण्याचा मोह आपोआप आवरतो.

छावणीतला स्वयंपाकी

एक व्यावहारिक सूचना. साडेतीन हजार मीटरवर पाणी सुमारे ८८ अंशांनाच उकळते, त्यामुळे तूरडाळ तासभर शिजवली तरी कच्ची राहते आणि गॅस मात्र संपतो. पोहे भिजवून होतात, ते भरपूर न्यावेत. पोह्यांवर भुरभुरायचा जिरावण मसाला विसरू नये, हे इंदूरकरांना सांगायला नको. गॅसची डबी रेल्वेतून नेण्यास मनाई आहे, ती श्रीनगरला घ्यावी.

महूकर

ताईंचे उत्तर वाचून एक मधला मार्ग सुचला. सोनमर्गहून न निघता नारानागहूनच चढावे, गंगाबल आणि नुंदकोल ही हरमुख शिखराच्या पायथ्याची दोन सरोवरे पाहावीत आणि त्याच वाटेने उतरावे. गंगाबल सुमारे ३,५७० मीटरवर आहे. मध्ये कोठेही खिंड नाही, त्यामुळे कोणाला त्रास झाला तर सरळ खाली येता येते. नारानागचा पहिला चढ दमछाक करणारा आहे, म्हणून इतर लोक दोन दिवसांत चढतात ते आपण तीन दिवसांत चढावे. हा मार्ग त्या काळात खुला आहे का, हे श्रीनगरच्या पर्यटन कार्यालयात आधी विचारावे आणि मूळ ओळखपत्रे जवळ ठेवावीत.

रामबागेतला वाटसरू

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल चौघे बसलो आणि नारानागचा मार्ग ठरवला. विशनसर हुकणार याचे एका मित्राला फार वाईट वाटले, परंतु खिंडीचा मुद्दा त्यालाही खोडता आला नाही. वर तीन रात्री मुक्काम, चढउतारासाठी दिवस वेगळे आणि एक दिवस मोकळा, असा नवा हिशेब आहे. तोपर्यंत दर रविवारी पहाटे सॅकमध्ये बारा किलो तांदूळ भरून राळामंडळची टेकडी दोनदा चढायची ठरले आहे. ताई, निळ्या अफूसाठी गंगाबलच्या आसपास नेमके कोणत्या उंचीवर पाहावे, हे जमल्यास अवश्य कळवावे.