देव का मानता? ऐकीव नको, स्वतःचं सांगा

होटगीकर: देव आहे की नाही यावर भांडण नको, ते टपरीवर रोज होतंच. तुम्ही का मानता तेवढं लिहा. मामाच्या शेजाऱ्याला झालेला साक्षात्कारही नको. माझं कारण म्हणजे आपल्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेतला अक्षता सोहळा. संमती कट्ट्यावर ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचं लग्न लागतं. कन्नड संमती वचनांतलं 'दिड्डम दिड्डम' ऐकू आलं की हजारो हात एकदम वर जातात. कन्नडचं ओ की ठो न कळणारा मीही त्यात असतो. तेवढा वेळ शंका सुचत नाही. वर्षभर बाकी सुचतात.

काठीवाला: नंदीध्वजाची, म्हणजे यात्रेतल्या उंच मानाच्या काठीची सेवा आमच्या घरात आजोबांपासून. अंगात बाराबंदी, मान वर, नजर काठीच्या शेंड्यावर. पायाखालचा रस्ता दिसतच नाही, बाजूचा सांगेल तसं पाऊल टाकायचं. एकदा तोल गेला आणि मला कळायच्या आत चौघांचे हात काठीला लागले होते. देव म्हटलं की मला ते हात आठवतात.

रूपाभवानीजवळची: वडिलांच्या बायपासच्या वेळी नवस बोलले होते, बरे झाले तर कोजागरीला तुळजापूरला चालत येईन. वडील राहिले नाहीत. तरी निघाले. खरं सांगते, रागात निघाले. भवानीला जाब विचारायचा होता. सोलापूरहून ४५ किलोमीटर, रात्रभर माणसांचा लोंढा, जागोजागी चहा नि केळी. तामलवाडीच्या पुढे पाय पार सुजले. एका मांडवात टेकले तर एक म्हातारी तेलाची वाटी घेऊन सरळ पायाशी बसली. मी पाय ओढून घेतला. म्हणाली, "गप बस गं. तुझे पाय चोळतीय व्हय मी? आईकडं निघालेले पाय हायेत ते." वडील गेल्यावर पहिल्यांदा रडले ती तिथं. देवळात पोचेपर्यंत विचारायचं काही उरलं नव्हतं. फेडायला नवस नाही, तरी दर कोजागरीला जाते.

पूर्व भागातला: आम्ही पद्मशाली विणकर, आमच्यात कारण कोण विचारतो? मार्कंडेय आमचा मूळपुरुष. सोळाव्या वर्षी यम न्यायला आला तर पोरानं पिंडीला मिठी मारली, सोडलीच नाही. कारखान्यातले माग बंद पडले तेव्हा मलाही मिठी मारायला काहीतरी लागत होतं. माग परत सुरू झाले नाहीत. आता रिक्षा चालवतो. देवळात जातो.

फज्रवाला: अब्बा गेले, तेव्हापासून पहाटेच्या नमाजाला उठतो. दिवसभर कुणी ना कुणी काही ना काही मागत असतं. त्या वेळेला कुणी मागत नाही. मीही मागत नाही.

फक्त सारथी: मी मानत नाही. गुरुवारी बायकोला अक्कलकोटला नेतो. ती दर्शनाच्या रांगेत, मी अन्नछत्राच्या.

काठीवाला: का बे, स्वामींचं जेवतो आणि मानत नाही म्हणतो?

फक्त सारथी: भूक मानतो की.

होटगीकर: वाद नको म्हटलं होतं ना!

जुळे सोलापूर: आमच्याकडे चार-पाच दिवसांनी पाणी येतं, तेही कधी येईल त्याचा नेम नाही. रात्री दोनला नळ खळखळला की तोंडून "सिद्धरामेश्वरा!" निघतंच. थांबा, आलं वाटतं. मोटर लावून येते, मग उरलेलं लिहिते.