दुधी बोटभर होऊन गळतोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. पुण्यात आमच्या सोसायटीच्या सातव्या मजल्यावरच्या गच्चीवर काही कुटुंबं मिळून भाजी लावतो. मेथी, पालक, मिरची झकास येते. अडलंय ते दुधीपाशी. वेल मांडवभर पसरलाय, नरफुलं भरपूर, मादीफुलंही येतात, पण फळ बोटाएवढं झालं की टोकाकडून पिवळं पडून गळतं.

वर मधमाश्या फारशा फिरकत नाहीत. दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं, म्हणून दिवेलागणीला ताजं नरफूल तोडून, पाकळ्या काढून मादीफुलावर हलकेच फिरवतो. तरी फरक नाही. गळलेली फळं चिरून पाहिली, आत अळी नाही, फळमाशी नसावी.

वेल रंगाच्या २० लिटरच्या बादल्यांत, प्रत्येकीत एकच. माती, कोकोपीट आणि सोसायटीच्या ओल्या कचऱ्याचं खत. पाणी रोज सकाळी. दुपारी पानं मलूल होतात, संध्याकाळी पुन्हा ताठ. लहान मुलं तिथेच खेळतात, त्यामुळे रासायनिक फवारणी नको. स्लॅबवर वजन नको म्हणून वाफ्यांना कमिटीची परवानगी नाही.

खतातलं नत्र जास्त होतंय की बादली अपुरी पडतेय, हे ओळखायचं कसं? आणि ज्यांनी गच्चीवर दुधी काढलाय, त्यांनी कुंडी किती लिटरची घेतली होती?