२६ जानेवारीला कोकण: किनारा पालथा घालायचा की एका गावात पाय पसरायचे?

आलेपाक
घरात भांडण पेटलंय, म्हणून इथे आणते. यंदा २६ जानेवारी सोमवारी आली आहे. शनिवारी पहाटे कोथरूडहून निघायचं, सोमवारी रात्री घरी. आम्ही दोघं, आठ वर्षांची मुलगी आणि सासूबाई. आमचं कुलदैवत हरिहरेश्वर, त्यामुळे तिथे डोकं टेकवणं आलंच.

नवऱ्याचा बेत: ताम्हिणीतून दिवेआगर, तिथून समुद्र उजव्या हाताला ठेवून श्रीवर्धन, हरिहरेश्वर, बागमांडल्याला गाडी फेरीबोटीत घालून वेसवी, मग केळशी, आंजर्ले, हर्णै, दाभोळला दुसरी बोट, गुहागर, हेदवी, तवसाळला तिसरी बोट, जयगड, गणपतीपुळे. परत कुंभार्ली घाटातून कराडमार्गे पुणे. तीन दिवसांत! त्यानं वहीत वेळा लिहून ठेवल्यात. त्यात ‘चहा, १२ मिनिटं’ असंही आहे.

माझं म्हणणं: दिवेआगर किंवा हरिहरेश्वर, दोन्हीपैकी एका ठिकाणी सामान टाकायचं आणि तीन दिवस ते उचलायचं नाही. मला घाटात गाडी लागते हे (माझं नाव वाचून कळलंच असेल) वेगळंच. कोणाचं बरोबर?

सायलेन्सर
वहिनी, राग मानू नका, पण दादांचं. एकाच गावात बसायचं तर कोकणात कशाला, पानशेतला जा की. कोकणचा किनारा सरळ नाही, दर वीस-पंचवीस किलोमीटरवर खाडी आत घुसते आणि रस्ता तुटतो. म्हणून तर तिकडे बोटीत गाडी घालायची वेळ येते. डोंगर चढायचा, वरून खाली माडांची रांग दिसते, उतरायचं, गाव, पुन्हा खाडी, पुन्हा चढ. ही चढउतार म्हणजेच कोकण. एका गावात बसून ती कळायची नाही. मी दोन वर्षांपूर्वी दिवेआगर ते रत्नागिरी अडीच दिवसांत केलंय.

निवांत_नाना
@सायलेन्सर दुचाकीवर, एकटे, आणि वय तिशीच्या आत. बरोबर ना? सासूबाई मागच्या सीटवर होत्या का?

गणपतीपुळ्याहून पुणं तीनशे किलोमीटरच्या वर आहे. सोमवारी सकाळी दर्शन घेऊन निघालात तरी कराडपासून पुढे हायवेला अख्खा पश्चिम महाराष्ट्र तुमच्याबरोबर परतत असणार. सोमवारची रात्र खंबाटकी घाटात काढायची हौस असेल तर जरूर जा.

सायलेन्सर
हो, एकटाच होतो 😄 पण माणगावात अडकण्यापेक्षा खंबाटकी परवडली. जोडसुट्टीला माणगावच्या बाजारपेठेत ताम्हिणीतून उतरणारे पुणेकर आणि मुंबई-गोवा हायवेवरचे मुंबईकर एकमेकांत घुसतात आणि दोघंही तिथेच बसतात. तुमच्या ‘निवांत’ बेतातही माणगाव दोनदा लागतंच.

सुपारीची_वाडी
माहेर श्रीवर्धन, सासर धायरी. बारा वर्षं हा रस्ता करतेय, म्हणून तोंड उघडते.

पहिलं, पुण्याहून दिवेआगर साधारण १६० किमी. अंतर बघून फसू नका. पौड, मुळशी, ताम्हिणी, विळे, माणगाव, म्हसळा, बोर्ली पंचतन, असं न थांबता गेलं तरी साडेचार तास धरा. पहाटे पाचला चांदणी चौक सोडला तर माणगाव आठ-सव्वाआठला मागे पडतं. सातला निघणाऱ्यांना मी दरवर्षी माणगावात वडापाव खाताना बघते, आणि तो वडापाव चांगला नसतो.

दुसरं, दिवेआगर ते श्रीवर्धन हा रस्ता आरावी, कोंडिविली, शेखाडीवरून जातो. पंचवीसेक किलोमीटर. काही ठिकाणी समुद्र आणि गाडी यांच्यात फक्त कठडा. सगळ्या बेतातला सर्वात देखणा तुकडा हाच आहे आणि नवरोजींच्या वहीत त्याला ४० मिनिटं लिहिली असणार, पैज लावते. त्या रस्त्याला अर्धा दिवस द्या. दुपारी चारनंतर जा. ऊन पाण्यावरून तिरपं येतं, त्या वेळी तिथे नुसतं उभं राहिलं तरी पुरे.

आलेपाक
@सुपारीची_वाडी वही बघितली. ३५ मिनिटं लिहिलीत.

नकाशाप्रेमी
मीच तो वहीवाला नवरा. हिनं धागा काढलाय हे मला आत्ता जेवताना कळलं.

माझी बाजूही ऐका. लहानपणी आम्ही दरवर्षी स्वारगेटहून एसटीनं हरिहरेश्वरला यायचो. दर्शन, प्रदक्षिणा, भक्तनिवासात जेवण, दुसऱ्या दिवशी परत. पंधरा वर्षं तेच गाव, तीच खोली. खाडीच्या पलीकडे डोंगर दिसायचा आणि वडिलांना विचारलं की तिकडे काय आहे, तर ते म्हणायचे, ‘बाणकोट. रत्नागिरी जिल्हा.’ जणू काही परदेश. पलीकडे जायचं राहूनच गेलं. आता गाडी आहे, बोट आहे, तीन दिवस आहेत. मला पलीकडे जायचंय. एवढंच आहे.

आणि १२ मिनिटं चहाला पुरतात.

निवांत_नाना
हे आधी सांगायचं ना मालक. बाणकोटला जायचं आणि गणपतीपुळ्याला जायचं यात आणखी दोन बोटींचं अंतर आहे. तुमची हौस पहिल्याच खाडीला फिटतेय.

पंचांगवाला
कुलदैवत हरिहरेश्वर म्हणता तर प्रदक्षिणेचं बघा. ती वाट देवळामागून समुद्राच्या कडेनं खडकांवरून जाते आणि ओहोटीलाच मोकळी असते. भरती चढताना तिथे माणसं वाहून गेली आहेत, तेव्हा ‘जाऊन येऊ पटकन’ नको.

वेळ काढायचा जुना हिशेब: तिथीची पाऊणपट करायची, ती पूर्ण भरतीची वेळ. त्याच्या सहा तास पुढे-मागे ओहोटी. शुक्रवारी २३ तारखेला वसंत पंचमी आहे. म्हणजे शनिवार षष्ठी, सहाची पाऊणपट साडेचार. रविवारी रथसप्तमी, सव्वापाच. म्हणजे रविवारी सकाळी सव्वाअकराच्या आसपास ओहोटी. दहाला दर्शन, अकराला प्रदक्षिणा. गूगलला विचारायची गरज नाही.

खारं_पाणी
@पंचांगवाला हिशेब बरोबर, निष्कर्ष घाईचा. सप्तमी-अष्टमीला भांगाची भरती-ओहोटी असते. भरती कमी चढते आणि ओहोटीलाही पाणी फार मागे हटत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला जशी वाट कोरडी लख्ख उघडते, तशी रथसप्तमीला उघडेलच असं नाही. शिवाय पाऊणपट हा ठोकताळा आहे, अर्धा तास इकडेतिकडे होतो. देवळातल्या गुरवांना नाहीतर खाली नारळ विकणाऱ्या बाईंना विचारा. त्या ‘नको’ म्हणाल्या तर नको. आजींना घेऊन तर नकोच, पायऱ्या उतरल्या की पुढे शेवाळ असतं.

पंचांगवाला
मान्य. भांगाचं लिहायचं राहिलं. पण ‘गूगलला विचारू नका’ यावर मी ठाम आहे.

बुधवारपेठी
मुळात जोडसुट्टीला जाताच कशाला? पुण्यातल्या दर तिसऱ्या सोसायटीतून कोणीतरी दिवेआगरला असणार. खोलीचं भाडं दुप्पट, समोसा चाळीस रुपये आणि किनाऱ्यावर उंट. कोकणात उंट! पुढच्या आठवड्यात बुधवार-गुरुवारी रजा टाकून जा, गाव तुमचंच.

आलेपाक
@बुधवारपेठी मुलीच्या शाळेला बुधवारी सुट्टी तुम्ही देणार का?

सायलेन्सर
मी अजून हरलेलो नाही. मुलीसाठी सांगतो, वेळासला कासवं आहेत. ऑलिव्ह रिडले. बोट ओलांडली की वेळास जवळच. तेवढ्यासाठी तरी पलीकडे मुक्काम करा.

सुपारीची_वाडी
@सायलेन्सर जानेवारीअखेरीस मुलीला ‘कासवं बघायला चाललोय’ असं सांगू नका, रडेल ती. माद्या रात्री येऊन अंडी घालतात, पिल्लं बाहेर यायला पन्नासेक दिवस लागतात. पिल्लं समुद्रात सोडतात ती मुख्यतः फेब्रुवारीअखेर ते एप्रिल. तेव्हा वेगळी खेप करा, गावात घराघरांत राहायची सोय असते.

आणि मोबाइलमध्ये ‘वेळास’ टाकताना जिल्हा बघून टाका. एक वेळास आमच्याकडे दिवेआगरजवळ आहे, रायगडात. कासवांचं, नाना फडणवीसांचं वेळास मंडणगड तालुक्यात, खाडीपलीकडे. दरवर्षी दोन-तीन गाड्या आमच्या वेळासला येऊन कासवं कुठे म्हणून विचारतात. मुरूडचंही तेच. जंजिऱ्याचं मुरूड आणि हर्णैजवळचं मुरूड. माझ्या मावसभावानं हर्णैजवळ खोली घेतली आणि मित्रांना जंजिऱ्याला जेवायला बोलावलं होतं.

खारं_पाणी
बोटीबद्दल कोणीच नीट लिहिलं नाही. बागमांडला–वेसवी प्रवास दहा-पंधरा मिनिटांचा. पण एका फेरीत मोजक्याच गाड्या चढतात, आणि जोडसुट्टीला रांग जेट्टीपासून वर डोंगरापर्यंत लागते. गेल्या वर्षी मी पावणेदोन तास उभा होतो. नकाशात ती एक बारीक तुटक रेघ असते, वहीत बहुतेक ‘२० मिनिटं’. अशा तीन रांगा म्हणजे एक अख्खा दिवस पेट्रोल न जाळता संपला. बाणकोट खाडीवरचा पूल वर्षानुवर्षं अर्धवट उभा आहे, तो जेट्टीवरून दिसतो. रांगेत तेवढाच विषय मिळतो गप्पांना.

पण हेही सांगतो, गाडी घरी ठेवल्यासारखी जेट्टीवर ठेवून नुसतं माणसांचं तिकीट काढता येतं. माणसांना रांग नाही. पलीकडे वेसवीला उतरा, चालत फिरा, पुढच्या बोटीनं परत. बाणकोटचा किल्ला जरा लांब आहे, मिळाली तर रिक्षा करा. इंग्रजांनी त्याला फोर्ट व्हिक्टोरिया नाव दिलं होतं. छोटा आहे, पण खाडी समुद्राला मिळते ते वरून दिसतं.

नकाशाप्रेमी
गाडी न घेता पलीकडे जायचं हे मला सुचलंच नव्हतं. खरंच.

निवांत_नाना
वहीत लिहून घ्या.

सायलेन्सर
म्हणजे मी आता एकटाच उरलो. ठीक. पण माझा मुद्दा खोटा नाही: केळशी ते आंजर्ले रस्ता, कड्यावरच्या गणपतीजवळून दिसणारा समुद्र, हर्णै बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव, हे सगळं ‘पुढच्या वेळी’ म्हणत लोकांचं आयुष्य जातं. नाना तुमचंही गेलं असेल.

निवांत_नाना
हर्णैला मी सात वेळा गेलोय. दर वेळी फक्त हर्णैला. लिलावात पापलेटाची टोपली कशी बोलतात ते पाचव्या खेपेला कळायला लागलं. तुम्ही त्या बंदरावर किती वेळ होतात?

सायलेन्सर
…वीस मिनिटं. वास सहन होत नव्हता.

सुपारीची_वाडी
भांडू नका. एक गोष्ट कोणी विचारली नाही तरी सांगते. २०२० च्या ३ जूनला निसर्ग वादळ आलं, ते आमच्याच अंगावर. आमच्या वाडीत संध्याकाळी सुपारीचं एक झाड उभं नव्हतं. माड तर मधूनच पिळवटून मोडले. सुपारी लावल्यावर फळाला यायला पाच-सात वर्षं जातात, म्हणजे तेव्हा लावलेली झाडं आत्ता कुठे रोठा (आमच्याकडची सुपारी) द्यायला लागलीत. म्हणून म्हणते, बागेतल्या घरगुती सोयीत राहा. सकाळी त्या घरच्या माणसाबरोबर वाडीत एक चक्कर मारा. पाणी कसं फिरवतात, सुपारी कशी सोलतात ते मुलीला दाखवा. यासाठी मुक्काम लागतो. धावत जाणाऱ्याला वाडी म्हणजे रस्त्याकडेची हिरवी भिंत.

बुधवारपेठी
आणि गाडी किनाऱ्यावर उतरवू नका. ओली वाळू घट्ट दिसते, चाक थांबलं की रुततं. भरतीच्या तोंडावर ट्रॅक्टर बोलावला की तो म्हणेल ती किंमत. कोणाच्या अनुभवावरून सांगतोय ते विचारू नका.

आलेपाक
घरी बैठक झाली. सासूबाई अध्यक्ष. ठरलेलं असं:

शनिवारी पहाटे पाचला निघायचं (नवरा साडेचार म्हणतोय). दुपारपर्यंत दिवेआगर, जेवण, झोप, मुलगी समुद्रावर. रात्र तिथेच. रविवारी रूपनारायणाचं देऊळ बघून, जेवून, दुपारी उशिरा शेखाडीच्या रस्त्यानं रमतगमत हरिहरेश्वर. सोमवारी सकाळी दर्शन. अष्टमी म्हणजे भरती सहाला, ओहोटी बाराच्या सुमारास, बरोबर ना @पंचांगवाला? पण प्रदक्षिणा नारळवाल्या बाईंना विचारूनच. सासूबाई म्हणाल्या, ‘मी वरूनच हात जोडीन, देवाला माझे गुडघे माहीत आहेत.’

नवरा सकाळी पहिल्या बोटीनं एकटा पलीकडे जाऊन येणार, आम्ही उठायच्या आत. मुलगी म्हणते मी पण. बघू, उठली तर.

म्हणजे सामान एकदा उचलावं लागणार. तेवढं मी सोडलं.

पंचांगवाला
हिशेब बरोबर. पण सोमवारी ओहोटीची वाट बघत बसलात तर माणगाव संध्याकाळी पाचला गाठाल. मग बघा.

नकाशाप्रेमी
परतीला महाडवरून वरंधा घाटानं भोरला निघालो तर माणगाव टळतं. दरडी, दुरुस्ती असलं काही चालू नसेल तर. कोणी अलीकडे गेलंय का त्या रस्त्यानं?

आलेपाक
वरंधा? आलेपाक किती आणायचा ते सांग आधी.

सुपारीची_वाडी
वरंध्याचं महाडात चौकशी करून ठरवा. आणि दिवेआगरला उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या रात्री फोन करून संख्या सांगायची. आयत्या वेळी पानावर बसून मागितलेत तर आमच्याकडच्या बायका नुसत्या बघतात तुमच्याकडे.