जुन्या व्होडव्हिल-बर्लेस्क प्रयोगांची मोहिनी नेमकी कशात आहे?

बाळीवेस :
आमच्या हौशी नाट्यसंस्थेत सध्या एका प्रयोगाचा विचार चालू आहे. सलग कथानकाचे नाटक न करता गाणी, नाच, प्रहसने, नकला आणि जादूचे खेळ यांची गुंफण असलेला, जुन्या अमेरिकी व्होडव्हिल (फिरत्या कलावंतांचा विविधरंगी करमणुकीचा खेळ) आणि बर्लेस्क (टिंगल, प्रहसने आणि स्त्रियांचे नाच यांचा खेळ) यांच्या धाटणीचा कार्यक्रम सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिरात करावा, असा काही सभासदांचा आग्रह आहे. ते १९७९ मध्ये ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर, आलेल्या 'शुगर बेबीज'चा दाखला देतात. मिकी रूनी आणि अ‍ॅन मिलर यांच्या या संगीतिकेत बर्लेस्कमधील जुनीच प्रहसने होती, तरीही तिचे १२०० हून अधिक प्रयोग झाले. ज्या विनोदाचा शेवट आधीच ओळखता येतो, त्याला लोक इतकी दाद का देतात? आणि ज्यांनी तो काळ पाहिलेलाच नाही, त्यांना त्यात काय गवसते? जाणकारांनी सविस्तर लिहावे.

रंगपट :
माझ्या मते या प्रकाराची खरी ताकद त्याच्या बांधणीत आहे आणि तिच्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. व्होडव्हिलच्या खेळात साधारणपणे आठ-नऊ कलाकृती एकामागून एक येत आणि त्यांचा क्रम अतिशय विचारपूर्वक लावलेला असे. प्रेक्षक अजून जागा शोधत असतात म्हणून सुरुवातीला संवाद नसलेला, कसरतीचा किंवा शिकवलेल्या प्राण्यांचा खेळ ठेवत. सर्वांत मोठ्या कलावंताला शेवटून दुसरे स्थान मिळे. मागे नेपथ्य बदलत असताना पुढच्या पडद्यासमोरच्या अरुंद पट्टीत एखादा विनोदवीर किंवा गायक उभा राही, त्यामुळे रंगमंच क्षणभरही रिकामा पडत नसे. दहा-पंधरा मिनिटांचा तोच खेळ घेऊन कलावंत वर्षानुवर्षे गावोगाव फिरत असल्यामुळे कोणत्या शब्दावर थांबायचे आणि कोणत्या क्षणी मान वळवायची, हे त्यांच्या अंगी मुरलेले असे. विनोद जुना असला, तरी ही सफाई दर वेळी प्रेक्षकांसमोर नव्याने सिद्ध करावी लागते आणि लोक तिलाच दाद देतात. पुढे बोलपट आणि रेडिओ आले, एका प्रसारणात तोच मजकूर देशभर पोहोचू लागला आणि फिरतीचे गणितच मोडले. न्यूयॉर्कचे पॅलेस थिएटर हे व्होडव्हिलचे सर्वोच्च व्यासपीठ मानले जाई. १९३२ मध्ये तेथेही चित्रपट आले.

मोडनिंबकर :
आपल्या जिल्ह्यातील माणसाला तरी हा प्रश्न अवघड वाटू नये. तमाशात गण झाला, गवळण सुरू झाली, की मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणींना पेंद्या अडवणार आणि मावशी पुढे होऊन त्याच्याशी हुज्जत घालणार, हे पहिल्या रांगेतल्या पोरालासुद्धा माहीत असते. तरीही मावशी झालेला पुरुष डोक्यावरचा पदर सावरत दोन पावले पुढे येतो, पेंद्याकडे न बघता थेट प्रेक्षकांकडे बघतो आणि काहीच बोलत नाही, तेव्हा तंबूत हशा उसळतो. मग तो त्या गावच्या बाजाराचे किंवा कालच्या एखाद्या भांडणाचे नाव घेतो आणि ढोलकीवाला नेमक्या जागी थाप देतो. बर्लेस्कमधला ड्रमवाला विनोदवीराच्या प्रत्येक पडण्या-धडपडण्यावर हेच काम करीत असे. प्रसंग ठरलेला असतो, भर मात्र त्या रात्रीची आणि त्या गावची असते. बतावणीची ही गंमत ज्याने अनुभवली आहे, त्याला हे परदेशी प्रहसन परके वाटणार नाही.

सातरस्ता :
वरील दोन्ही उत्तरे पटली, परंतु एक बाजू राहून गेली आहे. बर्लेस्कमधील स्त्रियांचे काय? १८६८ मध्ये इंग्लंडच्या नटी लिडिया थॉम्प्सन आपली मंडळी घेऊन न्यूयॉर्कला गेल्या, तेव्हा स्त्रिया पुरुषांच्या भूमिका करून पुराणकथांची आणि प्रतिष्ठितांची टिंगल करीत होत्या आणि त्या धिटाईनेच समाज हादरला होता. पुढे मात्र ती जीभ हळूहळू काढून घेतली गेली, बोलण्याचे काम पुरुष विनोदवीरांकडे गेले आणि स्त्रीकडे केवळ अंगप्रदर्शन उरले. १९३७ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रशासनाने परवाने नाकारून बर्लेस्कची थिएटरे बंद पाडली, तेव्हा त्यांत प्रामुख्याने तेच पाहायला मिळत होते. म्हणून जुने प्रहसन जसेच्या तसे उचलणे मला मान्य नाही. पेंद्याला निरुत्तर करणारी मावशी स्त्रीने साकारावी आणि शेवटचा शब्द तिचा असावा. तसे झाले, तर त्या पहिल्या बर्लेस्कशी आपले नाते अधिक खरे ठरेल.

बाळीवेस :
मनःपूर्वक आभार. मावशीची सूचना मी संस्थेपुढे ठेवणार आहे. एकच शंका उरते : आमचे बहुतेक कलाकार एकांकिका स्पर्धांतून आलेले आहेत, प्रेक्षकांकडे थेट बघून बोलण्याची सवय त्यांना नाही. तालीम कोठून सुरू करावी?

मोडनिंबकर :
ढोलकीवाला पहिल्या दिवसापासून तालमीत बसवा. त्याला प्रयोगाच्या आदल्या दिवशी बोलावण्याची पद्धत येथे चालणार नाही. शिवाय तालीम बंद खोलीत करू नका. शेजारपाजारची दहा माणसे समोर बसवा आणि ती हसल्याशिवाय पुढचे वाक्य घ्यायचे नाही, असा नियम करा. पडद्यासमोरच्या त्या अरुंद पट्टीत उभे राहून दोन मिनिटे एकट्याने लोकांना धरून ठेवणे ज्याला जमेल, त्यालाच शेवटून दुसरे स्थान द्या.