ब्लिट्झ टीव्हीमुळे संपला?

टीव्ही आला आणि ब्लिट्झ संपला असं म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. संपादक रुसी करंजियांनी १९४१ साली मुंबईत हे साप्ताहिक काढलं तेव्हा इंग्रजी पेपर म्हणजे गुळगुळीत साहेबी भाषा, त्यात हा टॅब्लॉइड मोठाल्या मथळ्यांनी थेट मंत्री-शेठजींच्या अंगावरच जायचा. आणि शेवटच्या पानावर ख्वाजा अहमद अब्बास यांचा कॉलम, तो तर चाळीस वर्षं चालला, कित्येक जण अंक मागूनच उघडायचे.

१९५९ च्या नानावटी केसमध्ये (नौदल अधिकारी नानावटींनी बायकोच्या प्रियकराला, प्रेम आहुजाला, गोळ्या घातल्या होत्या) तर कहरच, पंचवीस पैशांचा अंक दोन रुपयांना विकला जात होता म्हणे. पण ब्लिट्झ तिथे बातमी देत नव्हता, उघड उघड नानावटींची बाजू लढवत होता आणि माफीसाठी मोहीमही चालवली, ती १९६४ ला मिळाली. मला हे आजही चूकच वाटतं, कारण मेलेल्या प्रेम आहुजाची बाजू कोण मांडणार होतं?

१९६१ मध्ये खासदार आचार्य कृपलानींवर लिहिलेल्या मजकुरावरून करंजियांना लोकसभेत उभं करून समज दिली गेली, तरी पठ्ठ्या नमला नाही. मग असा माणूस इंदिराबाईंच्या इतका जवळ गेला की सरकारला झोडपणारा पेपर ही ओळखच पुसट झाली, माझ्या मते खरी घसरण तिथूनच. त्यात १९७५ ला इंडिया टुडे आलं, शोधपत्रकारिता मोठे पेपरही करायला लागले, मग वाचकाने खास ब्लिट्झच का घ्यावा? टीव्ही घरोघरी पोचला तो त्यानंतर.